शमुवेल यहेज्केल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर

मुंबईंत मांडवीच्या बाजूस सॅम्युएल स्ट्रीट नांवाचा एक रस्ता आहे. हें नांव कोणा इंग्रज साहेबाचें असावें असें परगांवच्या मनुष्यास सहज वाटतें. परंतु ज्या गृहस्थांची आठवण त्या नांवांत राहिली आहे ते कोंकणांतले, मराठी बोलणारे, कंपनी सरकारच्या पलटणींतले एक शिपाई होते. त्यांचें शास्त्रांतलें नांव शमुवेल यहेज्केल. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडीं ते सामाजी हसाजी दिवेकर. मुंबई बेटावर यहूदी लोकांचें पहिलें सभास्थान त्यांनीं सन १७९६ सालीं बांधिलें. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं जुन्या करारांत इस्राएल लोकांची कथा वाचली आहे. परंतु त्याच वंशाचे म्हणविणारे लोक अलिबाग, पेण व पनवेल ह्या बाजूस आमच्याच खेड्यांसारख्या खेड्यांत भाकरी व मासळी खाऊन शतकानुशतकें राहिले, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून ह्या पुरुषाचें चरित्र आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चरित्र सांगण्यापूर्वीं त्यांच्या लोकांविषयीं थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून सामाजींनीं केलेल्या कामाचें मोल समजावयाचें नाहीं.

हे लोक आपणांस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचे पुत्र, असें म्हणवितात. त्यांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं त्यांचे पूर्वज दूरदेशाहून गलबतांत बसून येत असतां अलिबागेजवळच्या नवगांवापाशीं तें गलबत फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचून किनाऱ्यास लागलीं. बुडालेल्यांचीं प्रेतें नवगांवीं पुरलीं. ती जागा अजून दाखवितात. गलबताबरोबर त्यांचीं पुस्तकेंहि समुद्रांत गेलीं. ह्या गोष्टीस किती शतकें झालीं ह्याविषयीं विद्वानांचा मतभेद आहे, व तो मिटेल असें आम्हांस वाटत नाहीं. एवढें खरें कीं, अठराव्या शतकांत कोंकणच्या खेड्याखेड्यांतून हे लोक पसरलेले होते, त्यांची भाषा मराठी होती, आणि त्यांच्यापाशीं धर्माचें एकहि पुस्तक नव्हतें.

त्यांचा मुख्य धंदा तेलाचा घाणा. आठवड्यांतून सहा दिवस बैल घाण्याभोंवतीं फिरे. शनिवारीं मात्र घाणा बंद. म्हणून शेजारचे लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. ज्या गांवीं राहात त्यावरून आडनांव पडे: किहीमचे ते किहीमकर, राजपुरीचे ते राजपूरकर, दिव्याचे ते दिवेकर. नांवेंहि मराठी वळणाचीं झालीं. शमुवेलाचा सामाजी, यहेज्केलाचा हसाजी, इसहाकाचा ईसाजी. पोशाख, दागिने, लग्नांतल्या हळदी हीं सर्व शेजाऱ्यांसारखीं. विधवेनें पुनः लग्न करूं नये हीहि चाल त्यांनीं शेजाऱ्यांपासून घेतली, जरी मोशेच्या शास्त्रांत तशी मनाई नाहीं.

इतकें सारें बदललें तरी कांहीं गोष्टी त्यांनीं सोडल्या नाहींत. मुलगा जन्मला कीं आठव्या दिवशीं सुंता. ज्या मासळीस पर व खवले नाहींत ती खावयाची नाहीं. सणांचीं मूळ नांवें विसरून गेलीं, पण सण राहिले. वर्षारंभास ते नव्याचा सण म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवशीं दारें लावून घेऊन, उपास करून घरांत बसत. त्यास दरफाळणीचा सण म्हणत. यरुशलेमेंतील मंदिराच्या नाशाबद्दलचा उपास वालाच्या बिरड्यानें सोडीत, म्हणून त्यास बिरड्याचा रोजा हें नांव पडलें. मंदिर कोणतें, तें कोणीं पाडलें, हें सांगणारा कोणी उरला नव्हता. पण उपास चुकत नसे! आणि देव एक आहे असें सांगणारें अनुवादाच्या पुस्तकांतलें जें इब्री वचन यहूदी लोक शमा म्हणून रोज म्हणतात, तेवढें मात्र त्यांच्या तोंडीं राहिलें होतें. सुंता असो, लग्न असो, मूठमाती असो, तेंच एक वचन ते म्हणत. दुसरी प्रार्थना त्यांस येत नव्हती.

त्यांस पुनः शिकविणारा जो पहिला पुरुष आला त्याचें नांव दावीद रहाबी. त्यानें परीक्षा पाहण्यासाठीं त्यांच्या बायकांस नानाप्रकारची मासळी रांधावयास दिली. बायांनीं बिनखवल्यांची मासळी वेगळी काढून टाकली, तेव्हां हे आपलेच भाऊबंद अशी त्याची खात्री झाली, असें सांगतात. हा रहाबी केव्हां आला ह्याविषयींहि वाद आहे. कित्येकांच्या मतें तो कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्यांतलाच होता. त्यानें झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ह्या तीन कुळांतल्या माणसांस कांहीं विधि शिकविले. त्यांस पुढें काझी म्हणूं लागले. काझी गांवोगांव फिरत, लग्नें लावीत, सुंता करीत, भांडणें तोडीत. त्यांच्यापाशीं पुस्तक नव्हतें. जें काय होतें तें पाठांतर. सन १७६८ सालीं कोचीनच्या यहेज्केल रहाबी नांवाच्या व्यापाऱ्यानें हॉलंड देशांतील एका यहूदी गृहस्थास पत्र लिहिलें. त्यांत त्यानें कोंकणांतल्या ह्या लोकांचें वर्णन केलें आहे कीं, ते तेल काढतात, कांहीं शिपाईगिरी करितात, आणि शमा म्हणणें व शब्बाथ पाळणें ह्यांपलीकडे त्यांस आपल्या धर्माचें ज्ञान नाहीं. सामाजी जन्मले व वाढले ते अशा लोकांत.

त्या काळीं मुंबई बेट इंग्रजांच्या हातीं भरभराटीस येऊं लागलें होतें. सन १७४६ च्या सुमारापासून बेने इस्राएल कुटुंबें कोंकणांतून मुंबईस येऊन राहूं लागलीं, आणि त्यांत दिवेकरांचें घराणें अगदीं पहिल्यांपैकीं होतें असें म्हणतात. घाण्यामागें फिरण्यापेक्षां पलटणींतला पगार बरा, असें पुष्कळ तरुणांस वाटलें असल्यास नवल नाहीं. कंपनी सरकारासहि हे लोक विश्वासू व कवाईतींत चपळ म्हणून आवडत, आणि पुढें शंभर वर्षें मुंबईच्या फौजेंत बेने इस्राएल सुभेदार व सुभेदार मेजर पुष्कळ झाले. सामाजी व त्यांचे भाऊ ईसाजी हे दोघेहि पलटणींत शिरले. सामाजी चढत चढत नेटिव्ह कमांडंटच्या पदास पोंचले. हिंदी शिपायास त्या काळीं ह्याहून मोठी जागा पलटणींत नव्हती.

इंग्रजांचें व म्हैसूरचें दुसरें युद्ध सन १७८० सालीं जुंपलें. सन १७८२ च्या डिसेंबरांत हैदरअल्ली मरण पावला व त्याचा पुत्र टिपू गादीवर आला. त्याच सुमारास जनरल मॅथ्यूज ह्याच्या हाताखालीं मुंबईची फौज समुद्रकिनाऱ्यावरून घाट चढून गेली व सन १७८३ च्या जानेवारींत तिनें बेदनूर घेतलें. हा जय फार दिवस टिकला नाहीं. टिपू मोठें सैन्य घेऊन आला, त्यानें बेदनुरास वेढा घातला, व एप्रिलअखेर मॅथ्यूजला शरण जावें लागलें. शरण येणाऱ्यांस सुखरूप जाऊं द्यावें असा करार ठरला होता. तो मोडला गेला, व तो कोणीं आधीं मोडला ह्याविषयीं दोन्ही पक्ष एकमेकांस दोष देत राहिले. कैद्यांस बेड्या घालून आंतल्या किल्ल्यांत नेलें. मॅथ्यूज त्याच वर्षीं कैदेंत मेला. हिंदी शिपायांवर टिपूच्या नोकरींत शिरण्याविषयीं फार जुलूम झाला. ह्या युद्धांत मुंबईच्या फौजेंतले जे लोक टिपूच्या हातीं सांपडले त्यांत सामाजी व त्यांचे भाऊ होते.

पुढची हकीकत बेने इस्राएल लोक आपल्या मुलांस सांगत आले आहेत ती येणेंप्रमाणें. ह्या कैद्यांस टिपूपुढें उभें केलें व त्यांची जात आणि धर्म विचारण्यांत आला. सामाजींनीं आपण बेने इस्राएल आहों असें सांगितलें. तें टिपूच्या आईच्या कानीं गेलें. कुराणांत बनी इस्राईल लोकांचें नांव वारंवार येतें, परंतु त्या लोकांपैकीं एकहि मनुष्य तिनें डोळ्यांनीं पाहिला नव्हता. तिला मोठें आश्चर्य वाटलें, आणि ह्यांस मारूं नये अशी तिनें पुत्रापाशीं रदबदली केली. त्यावरून त्यांचे प्राण वांचले.

ही कथा टिपूच्या दफ्तरांत सांपडेल अशी अपेक्षा कोणी करूं नये. परंतु ती खोटी म्हणण्याचीहि आम्हांस घाई नाहीं. कुराणांत तें नांव आहे हें खरें, आणि आईच्या शब्दानें राजे लोकांचे हुकूम फिरल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. आम्हांस ह्या कथेंत दुसरीच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. ज्या नांवानें सामाजींचे प्राण वांचले त्या नांवाचा इतिहास त्यांच्या लोकांस वाचतां येत नव्हता. कुराण वाचणाऱ्या त्या बाईस इस्राएल लोकांविषयीं जें ठाऊक होतें, त्याहून कमी त्या इस्राएल लोकांस स्वतःविषयीं ठाऊक होतें. इब्राहीम, मोशे, दावीद ह्यांच्या कथा परक्यांच्या पुस्तकांत होत्या. ह्यांच्या घरांत मात्र पुस्तकच नव्हतें.

कैदेंत असतांना सामाजींनीं नवस केला कीं, देवानें येथून सोडविलें तर मुंबईस त्याच्या प्रार्थनेसाठीं घर बांधीन. सन १७८४ च्या मार्च महिन्यांत मंगळुरास तह झाला व दोन्हीकडचे कैदी सोडण्याचें ठरलें. सामाजी जिवंत परत आले.

तहापासून सभास्थान उभें राहीपर्यंत बारा वर्षें गेलीं. संकटांत केलेले नवस घरीं सुखरूप आल्यावर मनुष्य किती लवकर विसरतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. सामाजी शिपाईपेशाचे, सावकार नव्हेत. मुंबईंतलीं बेने इस्राएल कुटुंबें थोडीं व बहुतेक बेताच्या स्थितीचीं. आणि सभास्थान कसें असतें हें कोंकणांत वाढलेल्या कोणीहि पाहिलें नव्हतें, कारण अलिबागेपासून मुंबईपर्यंत त्या लोकांचें एकहि सभास्थान नव्हतें. असें असतां सन १७९६ सालीं तें उभें राहिलें. त्याचें इब्री नांव शाआर हारहामीम, म्हणजे दयेचें द्वार. साधे लोक मराठींत त्यास मशीद म्हणूं लागले, आणि पुढें दुसरें सभास्थान झाल्यावर ह्यास जुनी मशीद हें नांव पडलें. आगगाडीच्या मशीद स्टेशनाचें नांवहि ह्याच मशिदीवरून आलें असें बेने इस्राएल मोठ्या अभिमानानें सांगतात. त्या भागांत दुसऱ्याहि मशिदी आहेत, तेव्हां ह्या वादांत आम्ही पडत नाहीं.

ह्या घरामुळें त्या लोकांत काय बदललें हें समजण्यासाठीं यहूदी सभास्थानाची व्यवस्था पाहिली पाहिजे. यहूदी शास्त्राप्रमाणें सार्वजनिक प्रार्थनेस निदान दहा पुरुष जमावे लागतात. ज्या गांवांत घाणेवाल्यांचीं दोन किंवा तीन घरें, तेथें दहा पुरुष कोठून आणावे? मुंबईस ते जमूं लागले. सभास्थानाच्या ज्या भिंतीकडे तोंड करून उभे राहातात ती यरुशलेमेच्या दिशेस, म्हणजे आपल्या देशांत पश्चिमेस असते, व तिच्यांत शास्त्राच्या गुंडाळ्या ठेवण्याचें कपाट असतें. त्यास हेखाल म्हणतात. मध्यभागीं कठडा घातलेला ओटा असतो, त्यास तेबा म्हणतात. तेथें उभें राहून वाचणारा वाचतो. एलीया संदेष्ट्यासाठीं एक खुर्ची राखून ठेवितात व तिच्यापाशीं मुलांची सुंता होते. स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी. देवापुढें एक दिवा सदा जळत असतो.

परंतु आमच्या मतें भिंतींपेक्षां महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंचमंडळी. सभास्थानावर एक मुकादम असतो. त्यास साह्य करणारे चौगुले. पैशाचा हिशेब ठेवणारा गबाई. प्रार्थना चालविणारा हझ्झान. झाडलोट, दिवाबत्ती व बोलावणें करणारा शमाश. हे शब्द पाहावे: मुकादम व चौगुला हे आपल्या गांवगाड्यांतले, आणि गबाई, हझ्झान व शमाश हे इब्री. पूर्वीं काझी फिरतीवर येई तेव्हांच काय तो लग्नाचा व तंट्याचा निकाल लागे. आतां एक ठिकाण झालें, जेथें लग्न लागतें, दंड भरला जातो, गरिबाच्या मूठमातीचा खर्च निघतो, आणि परगांवाहून आलेल्या मनुष्यास आपली माणसें भेटतात. झाडाखालीं किंवा कोणाच्या पडवींत जमणाऱ्या मंडळीस स्वतःचें छप्पर मिळालें म्हणजे काय होतें हें आमच्या खेड्यांतील उपदेशक जाणतात.

घर झालें, परंतु हेखालांत ठेवावयास शास्त्राची गुंडाळी पाहिजे. ही गुंडाळी म्हणजे बाजारांत मिळणारें पुस्तक नव्हे. शुद्ध पशूच्या कमावलेल्या कातड्याचे तुकडे शिवून त्यांवर मोशेचीं पांचहि पुस्तकें हातानें लिहावीं लागतात. लिहिणारा शास्त्री विधि जाणणारा पाहिजे. एक अक्षर गळलें तरी तें दुरुस्त होईपर्यंत गुंडाळी वाचण्यास निरुपयोगी. असें लिहिण्यास एका मनुष्यास वर्षभर किंवा अधिकहि लागतें, व किंमत त्याच मानानें भारी पडते. कोंकणांत हें लिहिणारा तर नव्हताच, वाचणाराहि सांपडणें कठीण होतें. हिंदुस्थानाच्या पश्चिम किनाऱ्यावर ही विद्या होती ती कोचीनास. तेथें राजवाड्याला लागूनच सन १५६८ सालीं बांधलेलें यहूद्यांचें सभास्थान आहे. पोर्तुगीजांनीं सन १६६२ सालीं त्याची नासधूस केली होती, व डच लोक आल्यावर तें पुनः नीट झालें. कोचीन डचांकडून इंग्रजांच्या हातीं सन १७९५ सालीं आलें, म्हणजे सामाजींचें सभास्थान पुरें होण्याच्या आदल्याच वर्षीं.

सामाजी स्वतः कोचीनास गेले. सभास्थान बांधून एक वर्ष झालें होतें, व ज्यानें तें बांधिलें त्यानें आतां घरीं बसून शब्बाथ पाळावा असें कोणी म्हणालें असतें तर त्यांत वावगें नव्हतें. त्यांनीं गुंडाळी आणण्याचें काम दुसऱ्यावर सोंपविलें नाहीं. तेथें सन १७९७ सालीं त्यांस मरण आलें. ते परत आले नाहींत. त्यांची मूठमाती कोचीनासच झाली. ज्या ओट्यावरून मोशेचें शास्त्र वाचलें जावें म्हणून त्यांनीं इतका खटाटोप केला, त्या ओट्यापाशीं बसून तें ऐकणें त्यांच्या नशिबीं नव्हतें.

त्यांच्यामागें काम थांबलें नाहीं, परंतु तें हळूहळू झालें, व तें एकट्या यहूद्यांच्याच हातून झालें असें नाहीं. सन १८२६ सालीं कोचीनचे कांहीं यहूदी मुंबईस शिक्षक म्हणून आले. त्यापूर्वींच, सन १८१३ पासून, अमेरिकन मिशनरी मुंबईस होते. त्यांच्या मराठी शाळांतून बेने इस्राएल मुलें बसत, व त्यांतलीं कांहीं पुढें शिक्षक झालीं. स्कॉच मिशनचे डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं सन १८३२ सालीं इब्री भाषेचें व्याकरण मराठींत छापून दिलें. मिशनरी लोकांची आशा ह्याहून वेगळी होती हें उघड आहे, आणि बाप्तिस्मा घेणारे त्यांच्यांत फारच थोडे निघाले. बेने इस्राएल लोकांनीं इब्री अक्षरें व मराठी पवित्र शास्त्र हीं दोन्ही आनंदानें घेतलीं, आणि तीं घेऊन ते सामाजींच्या सभास्थानाकडे परत गेले. ही गोष्ट आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाहीं. ती घडली तशी सांगितली आहे. सन १८४६ सालीं वल्हांडण सणाच्या रात्रीं वाचण्याचें पुस्तक, इब्री व मराठी दोन्ही भाषांत, मुंबईस छापून निघालें. ज्या सणाचें नांवहि पूर्वज विसरले होते, त्याचा अर्थ आतां घरच्या बायकामुलांस मराठींत कळूं लागला. सन १८७५ सालीं हाईम शमुवेल किहीमकर ह्यांनीं मुंबईस इस्राएली मुलांसाठीं शाळा काढिली.

इकडे कोंकणांतहि सभास्थानें उभीं राहूं लागलीं: रेवदंड्यास सन १८४२ सालीं, अलिबागेस १८४८ सालीं, पनवेलीस १८४९ सालीं. सामाजींचें सभास्थान सन १८६० सालीं हल्लींच्या जागीं नेण्यांत आलें.

ह्या सभास्थानांची एक उणीव मात्र सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. बेने इस्राएल लोकांत गोरे व काळे असे दोन भाग होते. काळे म्हणजे ज्यांची आई किंवा आजी दुसऱ्या जातीची होती त्यांची संतति. हे एकच शब्बाथ पाळीत, एकच शमा म्हणत. परंतु गोरे त्यांच्याशीं सोयरीक करीत नसत, आणि कित्येक ठिकाणीं सभास्थानांत त्यांस मागें बसावें लागे व प्रसादाच्या द्राक्षारसाचा प्याला गोऱ्यांच्या मागून मिळे. ही चाल विसाव्या शतकापर्यंत टिकली. दयेच्या द्वाराच्या आंतहि जात शिरली होती. आमच्या मंडळ्यांत ही व्याधि मुळींच नाहीं असें ज्यास म्हणतां येईल त्यानें त्यांस हंसावें.

पुढें काळानें असा फेरा घेतला कीं, सन १९४८ सालीं इस्राएलाचें राज्य झाल्यावर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें हा देश सोडून तिकडे गेलीं. तेथें सन १९६२ च्या सुमारास कांहीं रब्बींनीं त्यांच्या लग्नांविषयीं शंका काढिली: ह्यांच्या पूर्वजांचे विवाह व काडीमोड शास्त्राप्रमाणें झाले होते कशावरून? टिपूच्या दरबारांत सामाजींस जो प्रश्न विचारला गेला तोच ह्या लोकांस आपल्या भाऊबंदांनीं विचारला. त्यांनीं यरुशलेमेंत धरणें धरलें, व सन १९६४ सालीं ते सर्व बाबतींत पूर्ण यहूदी आहेत असें त्या सरकारानें जाहीर केलें. मुंबईंत राहिलेल्या थोड्या कुटुंबांसाठीं सामाजींच्या सभास्थानाचें दार अजून उघडतें, आणि कोंकणांतल्या सभास्थानांत परदेशीं गेलेलीं घराणीं लग्नानंतर किंवा मुलाच्या सुंतेनंतर नवस फेडावयास अधूनमधून येतात.